उंबराखालचा कोपरा

सकाळी उचलला की दुपारी पुन्हा भरणारा कचऱ्याचा कोपरा म्हणजे पुणे महापालिकेच्या भाषेत ‘क्रॉनिक स्पॉट’. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असा एक स्पॉट वर्षानुवर्षं होता. सेनापती बापट रस्त्यावरून गोखलेनगरच्या बाजूला आत वळलं की एका जुन्या बंगल्याची दगडी भिंत लागते, भिंतीला लागून भलंमोठं उंबराचं झाड, आणि त्याच्या बुंध्याशी गुडघाभर ढीग. आता तिथे रोजचा कचरा पडत नाही. आसपासच्या गल्ल्यांतले लोक ‘तुम्ही हे कसं केलंत’ म्हणून विचारतात. दोन मिनिटांत सांगून भागत नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

या कोपऱ्याची सफाई आधीही अनेकदा झाली होती. 2014 च्या 2 ऑक्टोबरला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, त्यानंतर तर दरवर्षी कोणी ना कोणी यायचं. कधी कॉलेजची मुलं, कधी आयटीतले तरुण, कधी आमच्याच सोसायटीतले आम्ही. सगळे मनापासून राबायचे. जागा लख्ख व्हायची आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली पिशवी येऊन पडायची. एकदा एक पडली की बाकीच्यांना जणू परवानगीच मिळते.

आमच्या सोसायटीचा कचरा ‘स्वच्छ’च्या एक मावशी नेतात. 1993 मध्ये पुण्यातल्या कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली, आणि 2008 पासून तिचे सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार जाऊन कचरा घेतात. त्यात बायकाच जास्त. उंबराखालचा ढीग कायमचा हटवायचा असं आम्ही सात-आठ जणांनी ठरवलं, तेव्हा मी मावशींना विचारलं की सुरुवात कुठून करू. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, उचलायचं काय, आम्ही रोजच उचलतो. टाकतंय कोण आणि का टाकतंय, ते बघा आधी.’’

मग पहिले काही आठवडे आम्ही एक काडीसुद्धा उचलली नाही. मावशी ढकलगाडी घेऊन फीडर पॉइंटला, म्हणजे गोळा केलेला कचरा महापालिकेच्या गाडीत देतात त्या जागी, जायच्या आधी थोडा वेळ कोपऱ्यावर थांबायच्या आणि हातातल्या आकड्याने एकेक पिशवी उघडून मला दाखवायच्या. त्यांना पिशवी बघूनच बरंच काही कळायचं. डब्याची फॉइल, नूडल्सची पाकिटं आणि अर्धवट पोळ्या म्हणजे मुलांच्या रूम. अंड्यांची टरफलं आणि पावाचे कागद म्हणजे रात्रीची भुर्जीची गाडी. नीट गाठ मारलेली काळी पिशवी, आत भाजीची देठं, चहाचा चोथा आणि डायपर, म्हणजे घरचा कचरा, आणि तोही चांगल्या खात्यापित्या घरचा. बाजूला शहाळी, थर्माकोल, फाटक्या गाद्या, बाथरूमच्या फुटक्या टाइल्स. आणि बुंध्याला अगदी टेकवून, इतर कचऱ्यापासून हातभर लांब, देवांच्या तसबिरी.

त्या तसबिरींचं सांगायलाच हवं. फुटलेल्या काचेमागचे गणपती, दत्त, लग्नात आलेल्या लक्ष्मीच्या फ्रेमा, हात तुटलेली बाळकृष्णाची मूर्ती. देव कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून लोक तो औदुंबराखाली ठेवतात आणि नमस्कार करून जातात. ठेवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण तिथे आधीच फ्रेमा आहेत म्हणून पुढचा माणूस निर्माल्याची पिशवी ठेवतो, त्याच्यापुढचा जुनी पादत्राणं ठेवतो, आणि आठ दिवसांत तो उकिरडा होतो. मला त्या ढिगात सगळ्यात जास्त त्रास याचा झाला.

मग कोठीवर गेलो. आरोग्य कोठी म्हणजे सफाई सेवकांची जिथे हजेरी लागते ती जागा, आणि तिथला मुकादम हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस. कोणता टेंपो कुठे असतो, कोणत्या दिवशी झाडायला माणसं कमी असतात, जेसीबी कुणाच्या हाताखाली आहे, सगळं त्याला तोंडपाठ. आमच्या मुकादमांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की सणाच्या दुसऱ्या दिवशी गाडी मागू नका, महिन्याचा मधला रविवार धरा. क्षेत्रीय कार्यालयात आम्ही एकपानी अर्ज दिला. सफाईच्या दिवशी गाडी, झाडावरचा बंद दिवा चालू करणं, बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढायची परवानगी आणि राडारोडा वेगळा उचलणं, एवढंच त्यात मागितलं. राडारोड्याचं मुद्दाम लिहिलं, कारण त्यावर प्रक्रिया करणारा महापालिकेचा प्रकल्प वाघोलीला आहे. तो ओल्या कचऱ्याच्या गाडीत मिसळला की दोन्ही वाया जातं. तुम्ही अर्ज कराल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढच्या प्रत्येक भेटीत तो क्रमांक सांगितला की बोलणं पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.

सोसायटीत मात्र कुजबुज सुरू झाली. ‘आपण कर भरतो, मग आपण का उचलायचं?’ प्रश्न चुकीचा नाही. पण त्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते, की हे काम ‘त्यांचं’ आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम कोणत्या जातींच्या माथी मारलं गेलं, हे आपल्याला माहीत नाही असं नाही. ज्यांच्या नावाच्या रस्त्याला लागून आम्ही राहतो ते सेनापती बापट पारनेरला पहाटे हातात झाडू घेऊन गावातले रस्ते झाडायचे. मी सोसायटीच्या बैठकीत एवढंच सांगितलं आणि खाली बसले. त्या रविवारी ज्यांची अपेक्षा नव्हती असे तीन जण गमबूट घालून आले.

सफाईच्या दिवसाची तयारी आम्ही मावशींच्या सांगण्याप्रमाणे केली. फावडी, घमेली, दाताळी, खराटे, जाड रबरी हातमोजे, गमबूट, पोती आणि पाच ताडपत्र्या. ज्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन बरेच दिवसांत घेतलं नव्हतं त्यांनी ते आधीच घेतलं. ढीग एकदम गाडीत भरायचा नाही, ताडपत्र्यांवर निवडायचा, हे मावशींनी निक्षून सांगितलं होतं. सगळं एकत्र भरून दिलं की ते कुठे जातं? पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला, त्यांच्या विहिरी नासल्या, त्यांनी रस्ता अडवला तेव्हा शहराला त्यांची आठवण झाली. आपल्या गल्लीतला ढीग उचलून दुसऱ्याच्या गावात नेऊन टाकणं, याला मी सफाई म्हणणार नाही.

एका ताडपत्रीवर पुठ्ठा, बाटल्या, कडक प्लास्टिक, म्हणजे भंगारात विकलं जाणारं. दुसरीवर काच. तिसरीवर सॅनिटरी पॅड आणि डायपर. ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढला. ‘स्वच्छ’च्या बायकांनी ही लाल ठिपक्याची पद्धत सगळ्या शहराला शिकवायचा प्रयत्न केला आहे, म्हणजे आत काय आहे ते उघडून बघावं लागत नाही. दुसऱ्याच्या घरातलं पॅड उघड्या हाताने निवडताना काय वाटतं, हे त्या दिवशी हातमोजे घालूनसुद्धा कळलं. चौथीवर झाडाचा पाला आणि कुजून माती झालेला ओला कचरा. आणि पाचवीवर ज्याला कोणी गिऱ्हाईक नाही ते सगळं: वेफर्सची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच. पाचवी ताडपत्री सगळ्यात आधी भरली. 2016 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत अशी पाकिटं बनवणाऱ्या कंपन्यांवर ती परत गोळा करायची जबाबदारी टाकली आहे. ती जबाबदारी जोवर गल्लीपर्यंत पोचत नाही, तोवर ही पाकिटं मावशींच्या ढकलगाडीत नुसतं ओझं म्हणून फिरत राहणार.

ढीग खालपर्यंत खणत गेलो तशा पाकिटांवरच्या किमती कमी होत गेल्या. वरचं वीस रुपयांचं पाकीट खाली दहाचं झालं, त्याखाली पाचचं. प्लास्टिक तसंच्या तसं, छपाईसुद्धा वाचता येत होती. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या पिशव्या त्या मातीत शेजारीशेजारी होत्या.

सगळ्यात चिवट निघाले ते दुधाच्या पिशव्यांचे कोपरे. आपण पिशवी कात्रीने कापतो, तो नखाएवढा तिकोनी तुकडा ओट्यावर पडतो, तिथून केरात जातो. पिशवी विकली जाते म्हणून कचरावेचक ती उचलतात, तुकडा कोणीच उचलत नाही. उंबराच्या मुळांमध्ये असे तुकडे इतके होते की माती चाळणीने चाळावी लागली. दोन शाळकरी मुली सगळी सकाळ त्या एकाच कामाला बसल्या होत्या. तेव्हापासून आमच्या इमारतीत पिशवी कापतात, पण कोपरा पूर्ण तोडत नाहीत, लटकता ठेवतात. प्रत्येक घरात करता येईल असं हे काम आहे.

तसबिरी मी आणि दोघीतिघींनी बाजूला घेतल्या. काच, लाकूड, कागद वेगळं केलं. नाशिकला अशा जुन्या तसबिरींचं रीतसर विघटन करणारी संस्था आहे, तिच्याबद्दल वाचलं होतं, तशीच पद्धत ठेवली. गल्लीतल्या गुरुजींना विचारून एक छोटी उत्तरपूजा केली. आता आमच्या सोसायटीच्या दारात एक झाकणाचं खोकं आहे, ‘जुन्या तसबिरी इथे द्या’ असं लिहिलेलं. झाडाखाली फ्रेम ठेवणं जवळजवळ बंद झालं आहे, कारण लोकांना आदराने देव सोपवायला जागा मिळाली.

दुपारपर्यंत जागा रिकामी झाली, आणि खरं काम त्या संध्याकाळी सुरू झालं.

आम्ही जोडीजोडीने उभे राहायला लागलो, पहाटे साडेपाच ते सात आणि रात्री आठ ते दहा. फोटो काढायचे नाहीत, आवाज चढवायचा नाही, असं आधीच ठरलं होतं. पिशवी घेऊन कोणी आलं की नमस्कार करायचा आणि एकच विचारायचं: ‘‘तुमच्याकडे कचरा न्यायला कोणी येतं का?’’

पहिल्याच रात्री परभणीचा एक मुलगा आला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, चार जणांत एक खोली. पिशवी मागे लपवून म्हणाला, ‘‘काकू, रूम दाखवताना मालकांनी हाच कोपरा दाखवला होता. म्हणाले, कचरा इथे टाकायचा.’’ त्याच्या इमारतीत एकोणीस-वीस वर्षांची मुलं खच्चून भरलेली, मालक दुसरीकडे राहणारे, आणि कचऱ्याचे महिन्याचे पैसे कोणी द्यायचे हे कधी ठरलंच नव्हतं. मावशी सकाळी दारावरून जायच्या तेव्हा मुलं झोपलेली किंवा अभ्यासिकेत गेलेली. त्यांना आपण वर्षानुवर्षं ‘बाहेरून येऊन घाण करणारी पोरं’ म्हणत होतो. तीन मालकांशी आम्ही बोललो. दोघे लगेच तयार झाले, तिसऱ्यांना त्यांच्याच भाडेकरूंनी तयार केलं. आता भाड्यातच कचऱ्याचे पैसे धरतात आणि मावशींच्या सूनबाई संध्याकाळी सातची वेगळी फेरी करतात. परभणीच्या मुलाने सगळ्या रूमच्या ग्रुपवर वेळ टाकली आणि पुढचे दोन महिने आमच्याबरोबर पहाऱ्याला उभा राहिला.

काळ्या पिशव्यांचा उलगडा पहाटेच्या पाळीत झाला. आजूबाजूच्या बंगल्यांत धुणंभांडी करणाऱ्या बायका काम उरकून निघताना त्या आणत होत्या. ‘‘बाईंनी जाता जाता टाकायला दिली.’’ त्यांना बोलण्यात काहीच अर्थ नव्हता. नाही म्हटलं तर काम जायचं. आम्ही त्या बंगल्यांच्या दारात गेलो. काही घरांनी ‘कचऱ्याला कशाला पैसे द्यायचे’ म्हणून मावशींना बंद केलं होतं आणि तेच काम मोलकरणीकडून फुकट करून घेत होते. एका आजोबांना आपल्या घरची पिशवी कुठे जाते हे खरोखरच माहीत नव्हतं. ते आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आले, बघितलं, आणि त्याच दिवसापासून मावशींना पुन्हा सुरू केलं.

भुर्जीच्या गाडीवाल्या दादांचं म्हणणं अगदी सरळ होतं. ‘‘घंटागाडी सकाळी येते, मी रात्री एकला गाडी बंद करतो. मी कुणाला देऊ?’’ शेजारच्या दुकानदाराच्या पायरीवर झाकणाचा एक ड्रम ठेवायचं ठरलं, सकाळी तो मावशी रिकामा करतात आणि दादा त्यांना महिन्याला ठरलेले पैसे देतात.

दुचाकीच्या हुकला पिशवी अडकवून येणारे आणि न थांबता भिरकावून जाणारे, यांच्याशी बोलताच येत नाही. त्यांच्यासाठी दोन गोष्टी लागू पडल्या. बंद दिवा चालू झाला, आणि बुंध्यासमोर रोज सकाळी रांगोळी. गल्लीतल्या बायकांनी वार वाटून घेतले. रस्ता झाडणाऱ्या सफाई सेविका ताईंनी आपणहून एक वार मागून घेतला, आणि त्यांच्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आमच्यातल्या कुणालाच जमत नाही. काढलेल्या रांगोळीवर पिशवी टाकायला हात धजत नाही. हे मी ऐकून होते, आता डोळ्यांनी पाहिलं आहे.

रंगरंगोटीचा विषय मी मुद्दाम शेवटी घेते, कारण आम्हीही ती शेवटीच केली. बहुतेक ठिकाणी आधी भिंत रंगते, दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात आणि वारलीतल्या माणसांच्या पायाशी कचरा तसाच असतो. आमच्यातल्या तरुण मंडळींना संपूर्ण भिंत रंगवायची होती. त्यावर वाद झाला. ती भिंत काळ्या दगडाची आहे, घडीव, जुन्या हाताची. त्यावर ऑइलपेंट फासणं मला पटेना. शेवटी बंगल्याच्या मालकांच्या परवानगीने तारेच्या ब्रशने आणि पाण्याने दगड घासला, पानाच्या पिचकाऱ्या काढल्या, निघालेले सांधे चुन्याने भरून घेतले. पावसात तो दगड असा काळाभोर दिसतो की रंगाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. फक्त टोकाचा प्लास्टर केलेला तुकडा मुलांना दिला. त्यांनी उंबराच्या फळांवर येणारे पक्षी काढले, तांबट आणि धनेश. धनेशाची चोच जरा जास्तच मोठी झाली आहे, पण मुलांनी तो आधी झाडावर बसलेला पाहिला आणि मग काढला.

झाडासाठी बुंध्याला चिकटलेले पेव्हर ब्लॉक काढून चारी बाजूंनी माती मोकळी केली. खोडात ठोकलेले क्लासच्या जाहिरातींचे खिळे काढले. पुण्यात काही वर्षांपूर्वी तरुणांनी झाडं खिळेमुक्त करायची मोहीम केली होती, तिच्यातल्या एकाने खोड न दुखावता खिळा कसा काढायचा ते दाखवलं. जाळीचं एक गोल कुंपण करून त्यात गळलेला पाला टाकतो. पाला जाळायचा नाही, जिरवायचा, हे आम्ही पुण्यातल्याच ‘ब्राउन लीफ’ या चळवळीकडून शिकलो. जुने टायर रंगवून त्यात रोपं लावायची सूचना आली होती, तिला मी ठाम विरोध केला. टायरमध्ये पाणी साचतं, आणि पावसाळ्यात आमच्या भागात घरटी एकाला डेंग्यू होऊन गेलेला आहे.

अजून सुटलेलं नाही ते गाद्या आणि फर्निचरचं. दसऱ्याच्या आधी घरं आवरायला काढली की रात्री टेंपो येतो आणि गादी टाकून जातो. जुन्या वस्तू गोळा करायचा दिवस ‘स्वच्छ’ ठेवते, तो यंदा नवरात्राच्या आधी आमच्या गल्लीत घ्यायचं ठरलं आहे. प्रत्येक इमारतीच्या फलकावर तारीख लावली आहे, रूमवर राहणाऱ्या मुलांच्या ग्रुपवरही गेली आहे. तरीही टेंपो येईल, म्हणून त्या आठवड्यात रात्रीचा पहारा पुन्हा सुरू करतोय.

खालच्या गल्लीतले लोक परवा आले होते. त्यांच्याकडे रंगाचे डबे तयार आहेत. त्यांना म्हटलं, डबे राहू द्या, आधी आठवडाभर सकाळी साडेसहाला तुमच्या भागातल्या कचरावेचक ताईंबरोबर कोपऱ्यावर उभे राहा आणि पिशव्या बघा. आणि त्यांचा तो वेळ फुकट मागू नका. आम्ही मावशींना त्या सगळ्या सकाळचे पैसे आधी ठरवून दिले होते, सोसायटीच्या खात्यातून, पावतीवर ‘मार्गदर्शन’ असं लिहून.